गौस हवालदाराच्या कबरीत कोण?

एक

गौस हवालदाराला पुरून सव्वा महिना झाला होता, आणि ज्ञानू बिगुलवाल्यानं त्याला गडहिंग्लजच्या बाजारात मिरच्यांचं पोतं उचलताना पाहिलं.

ज्ञानू ती बातमी घेऊन कोल्हापूरला माझ्या चौकीत आला. "साहेब, मी सोता त्याच्या मयतावर बिगुल वाजवलाय. नि परवा त्योच माणूस माझ्या म्होरनं गेला की. डावा पाय वढत. बसऱ्याच्या लढाईत गोळी लागल्याली, त्योच पाय."

"सकाळी सकाळी घेतली होतीस का रे?" मी विचारलं.

"थेंब न्हाय साहेब. आईची आण."

मी गणपतराव, कोल्हापूर दरबारचा फौजदार. संशय हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही. बायको म्हणते, मी देवळात गेलो तरी देवाच्या पाठीमागं कोण लपलंय ते आधी बघतो. पण मेलेल्या माणसावर संशय घ्यायची पाळी माझ्यावरही तोवर आली नव्हती.

त्या वर्षी महायुद्ध संपत आलं आणि मानमोडीची साथ आली. गावंच्या गावं तापानं फणफणली. लढाईवरून परतलेल्या, पण घरी चूल धड पेटत नाही अशा शिपायाचा अंत्यविधी दरबारानं करावा, असा हुकूम होता. हिंदू असेल तर सरण, मुसलमान असेल तर कफनाचं कापड आणि कबरीवर घालायच्या फळ्या. शिवाय मानाचा बिगुल. गडमुडशिंगीच्या गौस हवालदाराचं मयत असंच दरबाराच्या खर्चानं झालं होतं. साथीच्या भीतीनं मयताचं तोंड बघायला कोणी सरकारी माणूस पुढं झाला नव्हता.

मी लगेच एक शिपाई गडहिंग्लजला धाडला. तो हात हलवत परत आला. मी कारभाऱ्यांना वर्दी द्यायला गेलो, तर त्यांच्या दारात एक बाई कपाळ बडवत बसलेली. गडमुडशिंगीची बयाबाई. तिचा नवरा आकाराम बैलांचा व्यापारी, चांगला उंचापुरा गडी. गौसचं मयत झालं त्याच्या आदल्या दिवसापासून तो बेपत्ता होता.

"गौसचं नि त्याचं बैलावरनं वाजलंतं!" ती ओरडत होती. "आता त्यो गौस जित्ता हाय म्हनत्यात. मग त्या कबरीत कोन हाय? माझा धनी हाय त्यात!"

कारभारी कडक माणूस, पण वाईट नव्हेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोमवारी कबर उकरा. मी स्वतः येतो. त्याआधी दुसरं काही उत्तर सापडलं तर आणा."

कबर उकरणं म्हणजे परसातला खड्डा उकरणं नव्हे. एकदा कुदळ पडली की आतल्या माणसाची झोप आणि बाहेरच्यांची अब्रू, दोन्ही परत जागेवर बसत नाहीत. मला ते नको होतं. पण खून झाला असेल तर तोही मला नको होता.

दोन

गडमुडशिंगीत पहिली गाठ झुंबरबाईशी पडली. गौसच्या घराला तिच्या घराची भिंत लागून. काही न विचारता सगळं सांगणारी माणसं देव आमच्यासाठीच घडवतो.

"या पावणं, बसा. आकाराम? आलता की! मयताच्या आदल्या सांजंला त्याची गाडी गौसच्या दारात हुती. गवतानं भरल्याली. परत कवा गेली ते न्हाय बघितलं. मानमोडीत कोण कुणाच्या दारात डोकावतंय? नुसता रडल्याला आवाज आला."

"दुसरं काही?"

"चांदबी पांढरं कापड मागाय आल्ती. चांदबी म्हंजे गौसच्या मेव्हण्याची, निसारची बायकू. दरबाराचं कापड कमी पडलं म्हनली. मी नवा कोरा मांजरपाट दिला काढून."

मी कान टवकारले. गौस अंगानं किडमिडीत. दरबारातून पुरुषाच्या मापानं भरपूर कापड जातं. ते कमी पडलं, म्हणजे मयत गौसपेक्षा मोठं होतं. उंचापुऱ्या आकारामाएवढं.

गौसच्या घरात निसार बसला होता. गौसची बायको बिबीजान ही त्याची थोरली बहीण. माणूस तब्येतीनं दांडगा, पण डोळे खोल गेलेले. मी बिबीजानला दोन प्रश्न विचारायचे म्हणालो तेव्हा त्यानं दारावरच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"ती इद्दतीत हाय साहेब. नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार म्हयनं धा दिस परक्या पुरुषाम्होरं येत न्हाय. पडद्याआडनं बोलंल."

"बिबीजानबाई, गौसला काय झालं होतं?"

"ताप आलता." आवाज बसलेला, हळू.

"तोंड का दाखवलं नाही लोकांना?"

पडद्याआड बांगड्या वाजल्या. काचेच्या. त्याच क्षणी निसारला मोठ्यानं खोकला आला.

नवरा गेलेली बाई आमच्यात बांगड्या ठेवत नाही आणि आमच्याकडच्या मुसलमानांतही ठेवत नाही, एवढं मला ठाऊक होतं. माझ्या मनातला संशय चांगला पोसला गेला. बांगड्या शाबूत म्हणजे नवरा शाबूत.

"तुझी बायको कुठं आहे निसार?"

"बाजारला गेलीया."

बाहेर पडलो तर झुंबरबाई भिंतीवरून म्हणाली, "चांदबी भेटली का? आत्ताच आत गेली की, तुमच्या म्होरं." म्हणजे निसार खोटं बोलला होता. एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलणारा माणूस मोठ्या गोष्टीत काय करत असेल, असं मला वाटलं.

मी परत फिरलो आणि त्याला सरळ सांगितलं, "सोमवारी कबर उकरणार आहोत."

निसारचा चेहरा पांढराफटक पडला. एवढा धिप्पाड माणूस मटकन खाली बसला आणि त्यानं माझे पाय धरले.

"साहेब, मला बेड्या घाला. फासावर द्या. मी केलं म्हनून सांगतो, काय बी केलं म्हनून सांगतो. पर कबर उघडू नगा!"

तीन

परतताना ज्ञानूला गाडीत घेतलं आणि मयताची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.

"तोंड दाखवलं न्हाय," तो म्हणाला. "निसार म्हनला तापाचं मयत हाय, लांब ऱ्हावा. मग कबरीत उतरवताना त्यांच्यातल्याच चौघांनी वर चादर धरली, चार कोपरं ताणून. आत काय चाललंय ते कुणालाच दिसंना. आकाशात ढग हुतं साहेब, ऊनबीन काय नव्हतं. मला तवाच वाटलं, ही चादर कशापायी?"

"कबरीत कोण कोण उतरलं?"

"निसार एकटा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय. नि कबर खोल लई. निसार उभा ऱ्हायला तर छातीबरोबर माती हुती."

मी मनात एकेक गोष्ट जुळवत गेलो. तोंड झाकलं, कारण ते गौसचं नव्हतं. चादर धरली, कारण आत उतरवताना कापड सरकलं असतं तर बिंग फुटलं असतं. खोल खणलं, कारण पुरावा खोल पुरतात. कापड कमी पडलं, कारण आकाराम उंच होता. सगळं इतकं चपखल बसलं की मी खुशीत ज्ञानूला विडी दिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या चौकीशेजारच्या गल्लीतला म्हातारा अत्तारवाला वारला. माझा त्याच्याशी चांगला घरोबा. मी मयताबरोबर गेलो आणि कबरस्तानात कडेला उभा राहिलो. पण नजर काही गप्प बसेना.

म्हाताऱ्याचं तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं. दोघे जण कबरीत उतरले, तर माती त्यांच्या कंबरेपर्यंतच आली. म्हाताऱ्याला खाली घेतलं. चादर कुणीच धरली नाही.

मी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "चादर नाही धरली?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोललो. "पुरुषाला कशाला चादर? ती बाईमाणसाला धरत्यात पावणं. मेली तरी तिचा पडदा ऱ्हातोच की."

मी त्याच्या आणखी जवळ सरकलो.

"आणि कबर? बाईची खोल असते?"

"व्हय. पुरुषाची कमरंइतकी, बाईची छातीइतकी. आमच्यात तशी चाल हाय."

"कापड?"

"पुरुषाला तीन, बाईला पाच. डोक्याची ओढणी नि छातीचं, ही दोन जादा."

आत उतरायला कोण, हे मला विचारावंच लागलं नाही. बाईला कबरीत कोण हात लावणार? तिचा सख्खा भाऊ.

आदल्या दिवशी चपखल बसलेल्या सगळ्या गोष्टी तशाच्या तशा होत्या. फक्त त्यांचा अर्थ उलटा होता. गौसच्या कबरीत ना गौस होता, ना आकाराम. तिथं एक बाई होती. आणि बिबीजान म्हणून पडद्याआडून जी माझ्याशी बोलली, ती हातभर बांगड्या घालून बसली होती.

चार

आकाराम कबरीत नसेल तर तो कुठं होता? आदल्या सांजेला त्याची गवतानं भरलेली गाडी गौसच्या दारात होती. मयत व्हायच्या आधी गौसला गावातून नाहीसं होणं भागच होतं. पाय ओढत चालणारा माणूस रस्त्यानं कुठवर लपत जाणार? गाडीतून गवताखाली गेला असणार. म्हणजे आकाराम सापडला की गौस सापडेल. आणि बैलांचा व्यापारी शोधायचा तर मिरच्यांच्या बाजारात शोधून चालत नाही. आमच्या शिपायानं तीच चूक केली होती.

टांगे बदलत मी गडहिंग्लजला पोचलो आणि सरळ बैलबाजाराच्या तळावर गेलो. आकाराम एका खोंडाची शिंगं रंगवत बसला होता.

"बयाबाईनं तुझ्या नावानं कपाळ फोडून घेतलंय," मी म्हणालो, "आणि तू इथं शिंगं रंगवतोयस?"

त्याच्या हातातला कुंचला गळाला. "साहेब, घरला जायला तोंड न्हाय. गेलो की बया इचारणार, कुठं हुतास. नि बयाला सांगितलं म्हंजे गावाला सांगितलं."

"गौसशी तुझं भांडण होतं ना?"

"व्हय. आजून बी हाय! त्यो बैल त्यानं माझ्या गळ्यात मारला. पर ते बैलाचं झालं. मयताचं येगळं."

त्याच्या गाडीमागून एक माणूस पाय ओढत पुढं आला. मला बघून त्यानं टाचा जुळवल्या. पन्नाशीचा, किडमिडीत, दाढी वाढलेली. तो बहुतेक खोट्या मयताबद्दल, दरबाराच्या फसवणुकीबद्दल विचारतील म्हणून तयार होऊन उभा होता.

मी विचारलं, "गौस, बिबीजान कधी गेली?"

त्याच्या जुळलेल्या टाचा सुटल्या. तो जमिनीवर बसला.

"मानमोडीत गेली साहेब," तो म्हणाला. "बघता बघता गेली. मी बसऱ्याला असताना आमचा पोरगा गेलता. घरात काय नव्हतं. गावानं वर्गणी काढून मयत केलं. चांगलंच केलं, माझी तक्रार न्हाय. पर मागनं आडावर घागरीवरनं भांडण झालं, तवा एक बाई हिला म्हनली, तुझं पोरगं आमच्या कापडात गेलंय, इसरू नगंस. त्या दिसापासनं बिबी त्या आडावर गेली न्हाय. लांबनं पाणी आणायची. मला म्हनायची, मला वर्गणीच्या कापडात घालू नगा."

"मग?"

"दरबारात इचारलं. म्हनले, हुकूम शिपायाचा हाय, बायकूचा न्हाय. मी मनात म्हनलं, माझ्या नावाचं एक मयत हाय न्हवं? मग ते तिला देतो. माझं काय, मी कुठंबी पडंन."

मी आयुष्यभर चोर बघितले आहेत. पण स्वतःचंच मरण चोरून बायकोला देणारा मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

"कफनाची कापडं पाच का घातलीत? चादर का धरलीत? तीनच घातली असती, चादर नसती धरली, तर मी जन्मात ओळखलं नसतं."

गौसला माझा प्रश्नच कळला नाही. "बाईमाणूस न्हवं का ती?" तो म्हणाला.

मग मी त्याला सोमवारचं सांगितलं.

तो ताडकन उठला. "उघडणार? पुरुषमाणसं?"

"तू समोर आलास तर कदाचित थांबेल. पण मग तुझी सुटका नाही."

"चला," गौस म्हणाला. "आकाराम, बैल जुंप."

पाच

रस्त्यात एक बैल लंगडायला लागला आणि आम्हाला उशीर झाला. गडमुडशिंगीच्या कबरस्तानात पोचलो तेव्हा कारभारी झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. निसार कबरीवर पालथा पडला होता आणि दोन शिपाई त्याला ओढून बाजूला करत होते. तिसऱ्यानं कुदळ उगारली होती.

"थांबा!"

ती आरोळी कवायतीच्या मैदानावरची होती. कुदळ वरच्या वर राहिली. गर्दी फाकली. मेलेला गौस हवालदार पाय ओढत पुढं आला आणि कारभाऱ्यांसमोर उभा राहिला. ज्ञानू दोन पावलं मागं सरला. मागून आकाराम आला. बयाबाईनं आधी जोतिबाचं नाव घेतलं आणि मग नवऱ्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला.

कारभारी उठून उभे राहिले. "हा इथं, आणि आकारामही इथं. मग आत कोण आहे?"

गौसनं तोंड उघडलं, पण बायकोचं नाव त्याला भरल्या गर्दीत घेववेना. मग मी बोललो. कापड कमी का पडलं, कबर छातीइतकी का, चादर का, तोंड का दाखवलं नाही, आणि निसारशिवाय दुसऱ्या कुणाला हात का लावू दिला नाही, सगळं सांगितलं.

"हे सगळे दरबाराशी खोटं बोलले," मी म्हणालो. "निसार माझ्याशी खोटं बोलला. पण मयताशी खोटं बोलायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. पुरुषाच्या नावानं नेलेल्या बाईला त्यांनी बाईसारखंच पुरलं. साहेब, खून लपवणारा माणूस एवढी चूक करत नाही."

"तुमचा तर्क आहे हा, गणपतराव," कारभारी म्हणाले. "बिबीजान घरात इद्दतीत बसली आहे असं तुमच्याच वर्दीत आहे."

गर्दीच्या मागून बांगड्या वाजल्या. चांदबी पदर सावरत पुढं आली.

"पडद्याआड मी हुते साहेब," ती म्हणाली. तोच बसलेला आवाज. "माझी नणंद ह्यात हाय. मी सोता न्हाणली तिला. सपनातबी खोटं बोलणार न्हाय तिच्यापशी उभी राहून."

झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती रडायला लागली. "माझा मांजरपाट," ती म्हणाली, "बिबीजानच्या अंगावर हाय व्हय गं? आधी बोलली असतीस तर चांगल्यातला दिला असता."

कारभाऱ्यांनी कुदळवाल्याला हातानं मागं हटायची खूण केली. शिपायांनी निसारला सोडलं. मग ते गौसकडे वळले.

"गौस हवालदार, दरबाराच्या दप्तरी तू मेलास. तुझा अंत्यविधी झाला. पुन्हा होणार नाही. पेन्शनही बंद. आणि फसवणुकीचा गुन्हा आहे तो आहेच, फौजदारांबरोबर तुला जावं लागेल. कळलं?"

"कळलं साहेब."

"तू मरशील तेव्हा तुला कोण पुरणार, याचा विचार केला होतास?"

"न्हाय साहेब. मला वर्गणीची लाज न्हाय. तिला हुती."

 कारभाऱ्यांनी खुर्ची उचलायला सांगितली. मी पुढं होऊन गौसच्या दंडाला धरलं, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, एक इनंती हाय. माती द्यायची ऱ्हायलीया माझी. तिला पुरली तवा मी आकारामच्या गाडीत गवताखाली हुतो. गावच्या सगळ्यांनी दिली, माझीच ऱ्हायली."

मी दंड सोडला. कारभाऱ्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली आणि पाठ फिरवली, तसे सगळेच पुरुष वळून उभे राहिले.

गौस कबरीशी बसला. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, आवाज तेवढा ऐकू येत होता. "बिबी, मी आलोय गं. जरा उशीर झाला." मातीच्या तीन मुठी पडल्याचं ऐकू आलं. मग तो हात झाडत उठला आणि स्वतःच माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"चला साहेब," तो म्हणाला, "माझं काम झालं."